किंमत लावली, पण तपासणार कोण?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं : स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू आणि बदलू शकतो अशा प्रकल्पात, कामाचे पैसे द्यायचे ठरवलं, तर गाडी नेमकी कुठे अडते? आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं थोडी काटछाट करून इथे घेतली आहेत.

आम्ही पाच जण फावल्या वेळात एक छोटा प्रकल्प चालवतो. आमचं सॉफ्टवेअर वापरणारी एक कंपनी दीड लाख रुपये द्यायला तयार आहे. उघडे इश्यू, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी आणि मागण्या, दीडशेच्या वर गेलेत. प्रत्येकावर दोन ते पाच हजारांची बाउंटी, म्हणजे तो सोडवणाऱ्याला बक्षीस, लावून टाकू, असं चौघांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. — ठाणे

आधी एक मोजणी करा. त्या दीडशे इश्यूंपैकी किती इश्यूंवर कुणीतरी पुल रिक्वेस्ट (‘माझा हा बदल कोडात घ्या’ अशी विनंती) आधीच पाठवून ठेवली आहे आणि ती महिनाभरापेक्षा जास्त काळ तशीच पडून आहे? आकडा वीसच्या पुढे गेला, तर तुमच्याकडे लिहिणारे कमी नाहीत, वाचणारे कमी आहेत. मग बाउंटी लावून तुम्ही रांग आणखी लांबवणार.

बाउंटीचा पैसा कोड लिहिणाऱ्याला मिळतो. तो वाचणाऱ्याला, चालवून बघणाऱ्याला, ‘टेस्ट कुठे आहे?’ म्हणून परत पाठवणाऱ्याला आणि दोन वर्षांनी त्यातलाच बग निस्तरणाऱ्याला छदामही मिळत नाही. चार हजारांच्या इश्यूवर साधारण काय घडतं ते बघा. तिघे एकाच वेळी कामाला लागतात, कारण काम कुणाच्या नावावर लावलेलं नसतं. चार दिवसांत दोन पुल रिक्वेस्ट येतात. दोन्हींत दुखणं तसंच राहतं, फक्त लक्षण झाकलं जातं : फाइल रिकामी असली की प्रोग्राम कोसळतो, म्हणून ‘रिकामी असेल तर परत फिर’ अशी एक ओळ टाकलेली असते. फाइल मुळात रिकामी का येते, हे कुणी पाहिलेलं नसतं. मग ‘पैसे कधी?’ सुरू होतं. पहिल्याला द्यायचे की बऱ्या कामाला, हा वाद तुमच्यातला ज्याचा शनिवार मोकळा आहे त्याच्या गळ्यात पडतो, आणि तो फुकट काम करणारा एकटाच असतो.

पैशाचीच गरज असते असंही नाही, टी-शर्टसुद्धा पुरतो. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळायचा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या ‘रीडमी’ फाइलीत एखादं विशेषण घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टचा इतका मारा झाला, की ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचा आहे त्यांनी आधी तसं कळवायचं, असा नियम महिना संपायच्या आत करावा लागला. कर्ल हे इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं छोटं साधन जगभरातल्या फोनांत, राउटरांत, गाड्यांत बसलेलं आहे. तिथे २०१९ पासून सुरक्षेतली भोकं दाखवणाऱ्याला बक्षीस होतं. पुढे एआयकडून लिहून घेतलेल्या, दिसायला भारदस्त पण आत पोकळ तक्रारींनी मेंटेनरांना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, इतकं बेजार केलं, की जानेवारी २०२६ अखेर बक्षीसच बंद झालं. खोटी तक्रार लिहायला पाच मिनिटं लागतात, ती खोटी आहे हे दाखवायला तीन तास.

मग पैसे कशाला द्यावेत? जे काम हौसेने कुणी करत नाही आणि थांबलं तर सगळ्यांचं अडतं, त्याला. या बाबतीत जँगो या संकेतस्थळं बांधायच्या ओपन सोर्स साधनाची पद्धत आम्हाला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन २०१४-१५ पासून देणग्यांतून ‘फेलो’ नेमतं. नवी फीचर्स लिहिणं हे फेलोचं मुख्य काम नाही. आलेली तिकिटं (म्हणजे इश्यू) चाळायची, इतरांनी पाठवलेले पॅच, म्हणजे कोडातले बदल, तपासून मर्ज करायचे (मूळ कोडात घ्यायचे), सुरक्षेच्या तक्रारी हाताळायच्या, वेळेवर रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढायचं. फीचर लिहिण्याची मजा स्वयंसेवकांसाठी राखलेली आहे. पैसे घेणारा त्यांची वाट मोकळी करतो.

तुमच्या दीड लाखाचं असं करून बघा. तीस हजार बाजूला ठेवा. मध्येच सर्व्हरचं बिल किंवा सुरक्षेचं तातडीचं काम निघालं, तर ते लागतील. उरले एक लाख वीस हजार. ताशी ८०० रुपये धरले तर १५० तास होतात, म्हणजे महिन्याला २५ तास, सहा महिने. ते तास एकाच मेंटेनरला द्या, फार तर दोघांत वाटा. पंचवीसपैकी पंधरा तास पडून राहिलेल्या पुल रिक्वेस्ट तपासायला आणि इश्यूंची झाडलोट करायला. उरलेले दहा रिलीज आणि टेस्ट दुरुस्त करायला. पहिल्या महिन्यात नवा कोड एक ओळही लिहायचा नाही, असं ठरवूनच टाका. दर महिन्याच्या पाच तारखेला किती तास, कशावर, काय अडलं हे दहा ओळींत सगळ्यांना दिसेल असं लिहायचं.

बाउंटी अगदीच टाकाऊ आहे असं नाही. काम एका बैठकीत तपासता येण्याजोगं असेल, ‘झालं’ म्हणजे काय हे आधी लिहिता येत असेल आणि ते एकाच माणसाच्या नावावर पंधरा दिवसांसाठी लावलेलं असेल, तर ती चालते. एखाद्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर तुमच्याकडे ते यंत्रच नसल्यामुळे अडलाय, अशा कामाला जरूर लावा. फक्त रकमेचा चौथा हिस्सा तपासणाऱ्याचा, हे जाहिरातीतच लिहा.

एकाला पैसे मिळू लागले की बाकीचे ‘आम्ही काय मूर्ख?’ म्हणून निघून जातात, असं ऐकतो. खरं आहे का? — बेळगाव

होऊ शकतं, आणि डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या, लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात ते दिसलं आहे. २००६ मध्ये डेबियनची ‘एच’ (Etch) ही आवृत्ती ४ डिसेंबरला काढायचं ठरलं होतं. ती वेळेत यावी म्हणून डंक-टँक नावाचा उपक्रम निघाला. दोघा रिलीज मॅनेजरांना प्रत्येकी एक महिना पगार देऊन पूर्णवेळ कामाला लावायचं, अशी कल्पना होती. कागदोपत्री हा उपक्रम डेबियनच्या बाहेरचा होता, पण तो चालवणाऱ्यांत डेबियनचे तेव्हाचे निर्वाचित प्रमुख स्वतःच होते. त्यामुळे ‘बाहेरचा’ या शब्दाला अर्थ राहिला नाही. मोठं भांडण झालं. प्रमुखांना परत बोलावण्याचा ठराव मतदानाला गेला आणि फेटाळला गेला. काहींनी उघड निषेध म्हणून आपलं काम आखडतं घेतलं. ‘एच’ आली ८ एप्रिल २००७ रोजी, म्हणजे चार महिने उशिरा.

त्याच डेबियनमध्ये २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचं काम पैसे घेऊन चालतं, आणि ते टिकलं आहे. फ्रेक्झियन ही वेगळी कंपनी वापरकर्त्या कंपन्यांकडून पैसे गोळा करते आणि डेबियनच्या योगदानकर्त्यांना तासांवर देते. कोण या महिन्यात किती तास देऊ शकतो ते आधी विचारलं जातं, तास वाटले जातात, महिन्याचे अहवाल सर्वांना वाचायला मिळतात.

फरक रकमेत नव्हता. पाच-सात वर्षांपूर्वीच्या पॅकेजमध्ये आजचा सुरक्षा-पॅच बसवणं हे कंटाळवाणं काम आहे. ते कुणाच्या हातून हिसकावून घेतलेलं नाही. आत यायची अट सगळ्यांना सारखी आहे. आणि पैसा कुणाला द्यायचा हे ठरवणारी खुर्ची प्रकल्पाच्या खुर्चीपासून लांब आहे. डंक-टँकमध्ये रिलीजसारखं मानाचं काम होतं, निवडलेली दोनच नावं होती आणि निवडणाऱ्यांत स्वतः प्रमुख. तुमच्याकडे माणसं दुखावली जातील की नाही, याचा अंदाज या तीन गोष्टींवरून बराचसा येतो.

आम्ही काही जण मराठीचा स्पेलचेक शब्दकोश मुक्त परवान्याखाली वाढवतोय. एका हितचिंतकांनी साठ हजार दिलेत. शब्दामागे दोन रुपये दिले तर तीस हजार शब्द होतील, असा हिशेब आहे. बरोबर आहे का? — नाशिक

हिशेब बरोबर, पण त्यातून शब्दकोश होणार नाही.

हनस्पेल या स्पेलचेक करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीत दोन फाइली असतात. एकीत मूळ शब्द आणि त्यापुढे त्याच्या गटाची खूण, दुसरीत त्या गटाला कोणकोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम. ‘घर’ एकदाच लिहायचा. सामान्यरूप ‘घरा’ होतं आणि पुढे ला, ने, त, तून, चा, साठी लागतात हे नियमाच्या फाइलीत. आता शब्दामागे दोन रुपये लावा. घर, घराला, घराने, घरात, घरातून, घराचा, घराची, घराचे, घरासाठी, घराबाहेर असे दहा शब्द, वीस रुपये, दोन मिनिटांत. तुमचे तीस हजार ‘शब्द’ म्हणजे फार तर दोन-तीन हजार मुळं निघतील. उलट ज्याने संध्याकाळभर बसून ‘घर’सारख्या सगळ्या अकारान्त नपुंसकलिंगी नामांचा एक नियम नीट लिहिला, त्याला शब्दांच्या हिशेबाने शून्य रुपये. सगळ्यांत मोलाचं काम सगळ्यांत स्वस्त ठरलं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘तऱ्हा’तला तो अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. शब्दावर पैसे दिलेत की दोन्ही यादीत येतील आणि दोन्हींचे पैसे जातील. एक रूप ठरवा, दुसरं त्यात बदलून घेणारी छोटी स्क्रिप्ट आधी लिहा, आणि मगच कुणालाही काम द्या.

आम्ही हे पैसे असे वाटले असते : २५० मुळांची एक थप्पी. प्रत्येक शब्दाला नाम, क्रियापद की विशेषण, लिंग कोणतं, सामान्यरूपाचा गट कोणता, एवढं लावायचं. याला पाच तास धरा. ताशी २५० रुपये म्हणजे १,२५० झाले. तीच थप्पी दुसऱ्याने तपासायची, दोन तास, त्याच दराने ५०० रुपये. एका थप्पीला १,७५०, तीस थप्प्यांना ५२,५००. यात साडेसात हजार तपासलेली मुळं येतात. उरलेले साडेसात हजार प्रत्ययांचे नियम आणि त्यांच्या चाचण्या लिहिणाऱ्याला द्या. आमचे तास अंदाजाचे आहेत, म्हणून पहिल्या दोन थप्प्या घड्याळ लावून करा आणि मग दर पक्का करा. लिहिणारा आणि तपासणारा एकमेकांच्या थप्प्या आलटून-पालटून तपासणार नाहीत हे बघा. तिसऱ्या आठवड्यापासून दोघं एकमेकांना पास करू लागतात.

हेच इंटरफेसच्या भाषांतरालाही लागू आहे. ओळीमागे पैसे दिले की यंत्राने केलेलं भाषांतर चिकटवलेलं मिळतं. आधी दोनशे संज्ञांची यादी पक्की करून घ्या, पैसे तपासणीला द्या.

देणग्या येताहेत, पण प्रकल्पाला खातं नाही. मी माझ्या यूपीआयवर घेऊ का? काही देणगीदार परदेशात आहेत. — पणजी

घेऊ नका. तुमच्या खात्यात आलेला पैसा करखात्याच्या लेखी आधी तुमचा असतो, मग तो प्रकल्पाचा होता हे तुम्ही पटवत बसायचं.

देणारा भारतातला आणि काम करणारा भारतातला असेल, तर मध्ये कुणी नसलेलं बरं. कंपनीने मेंटेनरशी थेट कामाचा छोटा करार करावा, टीडीएस कापून पैसे द्यावेत. ठाण्याच्या वाचकांनाही हेच सुचवतो. भारतातला पैसा परदेशी संस्थेत पाठवून परत आणण्यात फक्त कागद वाढतात.

परदेशातून देणगी घ्यायला मात्र भारतातला ट्रस्ट किंवा सोसायटी स्थापन करून भागत नाही. परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए २०१०, आड येतो. नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी हवी, त्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर किमान पंधरा लाख खर्च केलेले हवेत, आणि परदेशी पैसा उतरायला स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच खातं लागतं. पाच जणांच्या प्रकल्पाच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. म्हणून बहुतेक लहान प्रकल्प परदेशातल्या यजमान संस्थेचा आसरा घेतात. डेबियनचा पैसा सांभाळणारी सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट, सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी, किंवा लहानांना सोपी पडणारी ओपन सोर्स कलेक्टिव्ह. ही तिसरी आलेल्या देणगीतून दहा टक्के घेते. त्या बदल्यात बँक, हिशेब आणि कर त्यांच्याकडे, जमाखर्च सगळ्यांना उघडा. काम करणारा बिल टाकतो, प्रकल्पाचे प्रशासक मंजूर करतात, संस्था पैसे पाठवते. प्रशासक किमान दोन ठेवा, आणि स्वतःचं बिल स्वतः मंजूर करायचं नाही हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

कुणाकडेही पैसा ठेवताना अटी वाचा. बाउंटीसोर्स या संकेतस्थळाने २०२० मध्ये, दोन वर्षांत कुणी न मिळवलेल्या बाउंटीचे पैसे आपल्याकडे ठेवून घेण्याची अट आणली होती. ओरड झाल्यावर मागे घेतली. काम न झाल्यास रक्कम कुठे जाते, हा प्रश्न आधी विचारायचा.

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका प्रकल्पाने अमेरिकेतल्या यजमान संस्थेमार्फत १,२०० डॉलर देऊ केलेत. कर, जीएसटी, काय काय करावं लागेल? — कोल्हापूर

पहिलं म्हणजे याला भेट, देणगी, शिष्यवृत्ती काहीही म्हणू नका. तुम्ही काम केलं आणि मोबदला घेतलात. बिलावर तारीख, काम, तास आणि दर लिहा. बँक परदेशी रक्कम जमा करताना कारणाचा कोड विचारते. सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीसाठी तो पी०८०२ आहे. घाईत देणगीचा कोड टाकला की वर लिहिलेल्या एफसीआरएच्या वाटेला तुम्ही विनाकारण जाता. रक्कम परदेशातून आल्याचं बँकेचं पत्र मागून ठेवा.

अमेरिकन संस्था डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरून घेईल. घाबरायचं कारण नाही. तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नाही, एवढं त्यात सांगायचं असतं. काम भारतात बसून केलं असेल तर ते उत्पन्न अमेरिकेतलं धरलं जात नाही. फॉर्म सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन वर्षं चालतो.

जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर लागत नाही. प्राप्तिकरात हे व्यावसायिक उत्पन्न. माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यावसायिकांना निम्मी रक्कम नफा धरण्याची अनुमानित योजना वापरता येते आणि ‘सुगम’ विवरणपत्र पुरतं. ही योजना जुन्या कायद्यात कलम ४४एडीए म्हणून ओळखली जायची. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तेव्हा जुने लेख वाचून फॉर्म भरू नका. कर शून्य आला तरी विवरणपत्र भरून टाका. पुढे व्हिसाला आणि कर्जाला ते उपयोगी पडतं.

पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरी करतो. रात्री ओपन सोर्सवर फुकट काम करायला कंपनीची हरकत नाही. पैसे घेतले तर? — पुणे

नेमणूकपत्रात दोन कलमं शोधा : बाहेरचं मोबदल्याचं काम, आणि तुम्ही लिहिलेल्या कोडची मालकी. फुकट कामाला दिलेली परवानगी पैशाच्या कामाला लागू होत नाही. एचआरला ईमेल करा, प्रकल्पाचं नाव, महिन्याचे तास आणि रक्कम लिहा, उत्तर लेखी घ्या. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. मालकीचं कलम सरसकट असेल तर प्रकल्पालाही सांगा, कारण तुमच्या कोडवर उद्या कंपनीने हक्क सांगितला तर निस्तरायचं त्यांना आहे.

काम अर्ध्यावर सोडून माणूस गायब झाला. निम्मे पैसे आधीच दिले होते. पुढच्या वेळी काय करावं? — इंदूर

आगाऊ रक्कम देऊ नका, पण ‘मर्ज झाल्यावरच पैसे’ हीही अट घालू नका. दुसरी चूक जास्त महागात पडते. मर्जवर पैसे अडकले की पैसे घेणारा तपासणाऱ्याच्या मागे लागतो, आणि तपासणारा भिडेखातर कच्चा कोड आत घेतो.

दर आठवड्याच्या तासांचे पैसे त्या आठवड्याअखेर द्या. अट एकच : जे काही लिहिलं असेल, मोडकं का असेना, ते रोज सार्वजनिक शाखेत, म्हणजे कोडच्या सगळ्यांना दिसणाऱ्या वेगळ्या प्रतीत, टाकलेलं हवं. एकूण तासांची वरची मर्यादा आधी ठरवा. ती निम्मी संपली की थांबून दोघांनी बोलायचं, पुढे जायचं की नाही. चौदा दिवस काही कळवलं नाही तर काम त्याच्या नावावरून निघेल, हे सुरुवातीलाच लिहा आणि निघाल्यावर वाद घालू नका. वीस तास घालवून माणूस ‘हे या पद्धतीने होत नाही, कारण अमुक लायब्ररीत तमुक सोय नाही’ एवढंच लिहून देत असेल, तर त्या वीस तासांचे पैसे पूर्ण द्या आणि त्याचं टिपण इश्यूला जोडून ठेवा, म्हणजे पुढचा माणूस त्याच भिंतीवर डोकं आपटणार नाही.